बूट घरच्या घरी दुरुस्त करणं: सोल उघडलाय, चामडं कडक झालंय, टाच झिजलीय

अनवाणी:

तीन जोड अर्धवट खराब अवस्थेत आहेत. तिन्ही अजून बरेच चालतील असं वाटतं, म्हणून टाकायच्या आधी जाणकारांना विचारतो.

पहिला जोड: काळे, चामड्याचे, नाडीचे बूट. पूर्ण भिजले आणि हीटरसमोर वाळवले गेले. आता चवड्याजवळ, जिथे बूट वाकतो तिथे, चामडं कडक आहे आणि सुरकुत्यांमध्ये पांढरट रेघा दिसतात. शिवाय दोन्ही टाचा बाहेरच्या कडेला तिरक्या झिजल्यात.

दुसरा: पळायचे बूट. उजव्या बुटाचा सोल पुढून साधारण ४ सेंमी उघडलाय. वरची जाळी चांगली आहे. सुपरग्लू चालेल का?

तिसरा: पांढरे कॅनव्हासचे. डिटर्जंटने धुवून उन्हात वाळवले, तर शिवणींच्या आणि रबराच्या कडेने पिवळे पट्टे आले. ब्लीच करावं का?

क्रम आणि प्रमाण नेमकं सांगितलंत तर फार मदत होईल.

आरीदोरा:

सोलपासून सुरू करतो, कारण तिथे घाई केली की पुढचं काम दुप्पट होतं.

सुपरग्लू नको. तो सुकल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. बूट प्रत्येक पावलाला चवड्याशी वाकतो. ठिसूळ थर वाकत नाही, तडकतो. आणि तडकून सुटला तरी त्याचा पापुद्रा रबरावर बसून राहतो. नंतर योग्य गोंद लावायचा म्हटलं तर आधी तो सगळा घासून काढावा लागतो. जिथे अजिबात वाकणं नाही अशा जागी, म्हणजे टाचेच्या पट्टीची एखादी कड उचलली असेल तर, त्याचा एक थेंब चालतो. एवढाच त्याचा उपयोग.

लागतो तो काँटॅक्ट गोंद, ज्याला दुरुस्तीवाले नुसतं ‘सोल्युशन’ म्हणतात. त्यात दोन जाती: निओप्रीनचा, सहसा पिवळसर, आणि पॉलियुरेथेनचा, सहसा पारदर्शक. कुठला घ्यायचा हे सोल कशाचा आहे त्यावर ठरतं, म्हणून गोंद आणायच्या आधी सोल ओळखा.

एक सुई पकडीत धरून तापवा आणि सोलच्या न दिसणाऱ्या जागी टोचा. माल वितळून सुई सहज आत शिरली तर पीव्हीसी, टीपीआर, टीपीयू किंवा ईव्हीए, म्हणजे तापल्यावर वितळणारे प्लास्टिक-रबराचे प्रकार. न वितळता नुसता धूर आणि जळक्या रबराचा वास आला तर व्हल्कनाइझ केलेलं (गंधकासह तापवून पक्कं केलेलं) रबर. खिडकी उघडी ठेवा, पीव्हीसीचा धूर नाकात जाऊ देऊ नका. फोमसारखा हलका थर असेल आणि नखाने दाबल्यावर खूण उमटत असेल तर तो बहुधा ईव्हीए.

रबर आणि चामड्याला निओप्रीन उत्तम धरतो. पीव्हीसीला तो लावायचा नाही: पीव्हीसी मऊ राहावा म्हणून त्यात जे तेलकट प्लास्टिसायझर असतं ते हळूहळू गोंदात उतरतं आणि गोंद लिबलिबीत होतो. आज घट्ट बसलेला सोल काही आठवड्यांनी चिकट होऊन सुटतो तो यामुळे. तिथे पॉलियुरेथेनचाच गोंद.

आता कृती. उघडलेला भाग हाताने हळू ओढून बघा आणि जिथपर्यंत सहज सुटतो तिथपर्यंत सुटू द्या. दिसायला ४ सेंमी असलं तरी पुढचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर अर्धवटच धरलेला असतो, आणि तो तसाच ठेवला तर पुन्हा तिथूनच उघडतं. आतली माती कोरड्या ब्रशने काढा, ओल्या कापडाने पुसा आणि रात्रभर वाळू द्या. मग जुना गोंद. तो चाकूच्या बोथट बाजूने खरवडून काढा. नव्या गोंदाने जुन्या गोंदाला धरलं तर जोड जुन्याच्याच ताकदीचा राहतो. ६० ते ८० नंबरच्या सँडपेपरने रबर घासा, त्याची चकाकी पूर्ण जाऊन मॅट दिसेपर्यंत. धूळ झटका, आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, १० मिनिटं थांबा. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही गोंदाला पुरेसं नडतं.

दोन्ही पृष्ठभागांना पातळ थर लावा. जुना, केस आखूड कापलेला टूथब्रश यासाठी चांगला, कोपऱ्यात पोचतो. १० ते १५ मिनिटं उघडं ठेवा. बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच टेकवून बघा: चिकट लागावं, पण बोटाबरोबर तार येऊ नये. चामडं किंवा कापड पहिला थर पिऊन टाकतं, तिथे दुसरा थर द्या आणि पुन्हा तेवढंच थांबा. मग हेअर ड्रायरने मिनिटभर दोन्ही बाजू गरम करा. गोंद उष्णतेने जागा होतो आणि पकड कितीतरी वाढते. ड्रायर मात्र द्रावक (गोंद पातळ ठेवणारं रसायन) उडून गेल्यावरच; ओल्या गोंदाची वाफ पेट घेते.

जोडताना आतल्या टोकापासून पुढे टोपाकडे (बुटाच्या पुढच्या टोकाकडे) या, म्हणजे हवा अडकत नाही. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून घासायच्या आधीच सोल आणि वरच्या भागावर पेन्सिलने समोरासमोर दोन-तीन खुणा करून ठेवा. काँटॅक्ट गोंदाला वेळेपेक्षा दाब महत्त्वाचा. बुटात फडकी कोंबून पुढचा भाग भरीव करा आणि सोलवर हातोडीने कडेकडेने ठोका. मग सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी ताणून गुंडाळा. २४ तास तसंच ठेवा, पळायला ४८ तासांनंतर.

बिघडतं कुठे? थर जाड झाला किंवा घाईने चिकटवलं तर द्रावक आत कोंडतं आणि गोंद पिकतच नाही. फार उशीर झाला तर वरचा थर मरतो. मग पुन्हा गरम करा किंवा अगदी पातळ हात फिरवा. हवा खूप दमट असेल तर द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प जमतं आणि गोंद दुधाळ दिसू लागतो. तसा दिसला तर चिकटवू नका, ड्रायरने वाळवा आणि मगच पुढे जा.

कातडीकाम:

चामड्याच्या जोडाबद्दल.

पाण्यापेक्षा उष्णतेने जास्त नुकसान होतं. वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७०–८० अंशांना आकसायला लागतं, क्रोमने कमावलेलं १०० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. वरच्या भागाचं चामडं बहुतेक वेळा क्रोमचं असतं, त्यामुळे तुमचं चामडं आकसलं नसून नुसतं कोरडं पडलं असण्याची शक्यता अधिक. आकसलेलं परत येत नाही. कोरडं पडलेलं येतं.

आधी त्या पांढरट रेघा. त्या चामड्याच्या असतीलच असं नाही. मेणाचं पॉलिश वाकण्याच्या जागी जाड बसलं की तिथे तडकतं आणि पांढरं दिसतं. मऊ सुती फडक्यावर टर्पेंटाइनचे दोन-तीन थेंब घ्या आणि सुरकुतीच्या दिशेने हलक्या हाताने पुसा. फडकं काळं होऊन रेघा गेल्या तर ते मेण होतं. रेघा राहिल्या आणि नखाला कड लागत असेल तर चामड्याचा वरचा पदर फाटलाय. फाटलेले तंतू कुठल्याही क्रीमने जुळत नाहीत. ती भेग ४०० नंबरच्या सँडपेपरने अगदी हलकी सपाट करून लवचिक लेदर फिलर पातळ-पातळ दोन-तीन थरांत भरायचा, वर रंग द्यायचा. दिसायला बरं होतं, पण ती जागा कायम नाजूक राहते.

रेघा मेणाच्या निघाल्या असं धरून पुढचं सांगतो. नाड्या काढा. घोड्याच्या केसांच्या ब्रशने धूळ काढा, विशेषतः सोल आणि वरचा भाग जिथे मिळतात त्या खाचेतली, कारण तिथली वाळू शिवणीचा दोरा कापते. ओलसर (ओलं नव्हे) फडकं फिरवा आणि तासभर थांबा. मग लेदर कंडिशनर: एका बुटाला वाटाण्याएवढा पुरे. बोटाला फडकं गुंडाळून गोल-गोल चोळा, कडक जागेवर थोडा जास्त. १२ तास ठेवा. मग बूट दोन्ही हातांत धरून चवड्याशी हळू वाकवा, दहा-बारा वेळा. नंतर दुसरा पातळ हात, पुन्हा १२ तास. दोन हातांनंतरही मऊ झालं नाही तर थांबा. तिसऱ्या-चौथ्याने काही साधत नाही. अति कंडिशनरने चामडं सैल पडतं, बुटाचा आकार जातो आणि पॉलिश बसत नाही.

घरातलं खायचं किंवा डोक्याला लावायचं तेल लावू नका. ते चामड्यात एका जागी थांबत नाही, पसरत जातं, चामडं डागाळतं, सोलच्या गोंदापर्यंत पोचून त्याची पकड ढिली करतं आणि कालांतराने खवट वास येतो. साबणाचंही तसंच. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं, पीएच ४–५ च्या आसपास. अंगाचा किंवा कपड्यांचा वडीचा साबण ९–१० चा. वारंवार वापरला तर चामड्यातली तेलं निघून जातात आणि ते तडकतं.

रंगासाठी क्रीम पॉलिश, चमकेसाठी मेणाचं. क्रीम सगळीकडे, १० मिनिटं थांबून ब्रश. मेण फक्त टोपावर आणि टाचेच्या मागच्या कडक भागावर, जिथे बूट वाकत नाही. वाकण्याच्या जागी मेण दिलंत की त्याच पांढऱ्या रेघा परत येतील. धूळ प्रत्येक वापरानंतर, क्रीम आठ-दहा वापरांनंतर, कंडिशनर दोन-तीन महिन्यांनी. याहून जास्त लाड करायची गरज नाही.

पुढच्या वेळी भिजले तर: नाड्या आणि आतला सुटा तळवा बाहेर काढा, जीभ उघडी करा, साध्या कागदाचे बोळे सैलसर भरा. वर्तमानपत्राची शाई फिकट अस्तराला लागते, म्हणून अस्तर फिकट असेल तर कोरा कागद. पहिले दोन-तीन बोळे तासा-दीड तासाने बदला, कारण ओला बोळा पुढे पाणी ओढत नाही. बूट आडवे ठेवा, तळालाही हवा लागली पाहिजे. पंख्याचा वारा चालतो, ऊन आणि हीटर नाही. २४ ते ४८ तास लागतात. बूट पूर्ण वाळायच्या किंचित आधी कंडिशनर लावलात तर छान शोषला जातो.

सुती_नाडी:

कॅनव्हासला क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको. सुती धागा कमजोर होतो, आणि कडेला इलॅस्टिक किंवा सिंथेटिक धागा असेल तर तो उलट पिवळा पडतो.

पिवळे पट्टे येतात ते बहुतेक धुताना उरलेल्या डिटर्जंटमुळे. कापड वाळताना पाणी कडांकडे आणि शिवणींकडे सरकतं, सोबत उरलेला साबण, मळ आणि रबराजवळच्या गोंदाचा अंश घेऊन जातं. पाणी उडून गेलं की हे सगळं तिथेच साचतं आणि उन्हात पिवळं होतं. म्हणून उपाय दोनच: नीट खंगाळणं आणि साचू न देणं.

नाड्या आणि आतले तळवे वेगळे धुवा. १ लिटर कोमट पाण्यात (४० अंशांच्या आसपास) १ मोठा चमचा ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, विरघळवा. बूट अर्धा ते एक तास बुडवा, जास्त नाही. भिजत राहिले तर रबराच्या पट्टीचा गोंद सुटतो. मऊ ब्रशने घासा. मग खंगाळा, बूट दाबल्यावर पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत. शेवटच्या १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला, उरलेला अल्कली मारला जातो. क्लोरीन ब्लीच आधी लागलेलं असेल तर मात्र व्हिनेगर नको, विषारी वायू होतो.

टॉवेलने दाबून पाणी काढा आणि बूट बाहेरून पांढऱ्या, बिनछपाईच्या टिश्यू पेपरने झाका, कागद कापडाला चिकटलेला हवा. सावलीत वाळवा. वाळताना पाणी कापडातून कागदात जातं आणि पिवळेपणा कागदावर उतरतो. कागद काढल्यावर तो स्वतःच पिवळा दिसेल. एकदा धुऊन थोडं राहिलं तर पुन्हा धुवा, दुसऱ्या वेळी बहुतेक जातं.

रबराच्या पांढऱ्या कडेवरचे काळे ओरखडे स्पंज इरेजरने निघतात. खायचा सोडा १ चमचा आणि थोडं पाणी यांची लापशी टूथब्रशवर घेतली तरी चालते. रबरच आतून पिवळं पडलं असेल तर घासून जाणार नाही.

मशीनमध्ये टाकू नका. ड्रमच्या आपटण्याने आणि गरम पाण्याने गोंद सुटतो, आणि टाचेत पुठ्ठा असलेले स्वस्त बूट आतून लिबलिबीत होतात.

फोमवाला:

आरीदोरांच्या प्रतिसादात पळायच्या बुटांपुरती भर घालतो, कारण तिथे नुसतं रबर नसतं. खाली झिजणारं रबर, मध्ये जाड फोम, वर जाळी. उघडलंय ते नेमकं कुठल्या दोन थरांमध्ये हे बघितल्याशिवाय गोंद निवडू नका.

रबर आणि फोमच्या मध्ये उघडलं असेल आणि फोम ईव्हीएचा असेल तर ६० नंबरचा सँडपेपर फार जाड. त्याने फोमचे कण निघून खड्डे पडतात. १२० नंबर, दोन-तीन हलके हात, बस. ईव्हीएवर अॅसिटोनही लावू नका. आणि ईव्हीएला साधा गोंद नीट धरत नाही. कारखान्यात त्यावर आधी प्रायमर (गोंदाची पकड बसावी म्हणून द्यायचा पहिला हात) देऊन मग पॉलियुरेथेन गोंद लावतात. घरी करताना ईव्हीएचा प्रायमर मिळाला तर घ्या, तो प्रायमर आणि पॉलियुरेथेन गोंद एकाच बनावटीचे असावेत. टीपीआरचंही तेच, त्याला वेगळा, रबराचा पृष्ठभाग क्लोरीनने बदलणारा प्रायमर लागतो. तो न देता चिकटवलेला टीपीआर सोल हाताने सोलून निघतो, गोंद कितीही महाग घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फोम पॉलियुरेथेनचा असेल आणि बूट जुना असेल तर आधी तो जिवंत आहे का बघा. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातं, याला जलविच्छेदन म्हणतात. न वापरता कपाटात ठेवलेले बूटही यातून सुटत नाहीत, कधी कधी तेच आधी जातात. अंगठ्याने फोम जोरात दाबा: चुरा सुटला, भेग पडली किंवा चिकट लागला तर तो संपला. अशा फोमवर गोंद बसतो, पण गोंदाखालचा फोमच निघून येतो. तो जोड चिकटवण्यात वेळ घालवू नका. ईव्हीए असा कुजत नाही, तो दाबून चपटा होतो. चपट्या फोमवर लांब पल्ला पळणं गुडघ्यांना बरं नाही, फिरायला मात्र हे बूट चालतात.

अनवाणी:

सगळ्यांचे आभार. लगेच करून बघितलं.

टर्पेंटाइनने रेघा जवळजवळ सगळ्या गेल्या, डाव्या बुटावर एक राहिली, पण नखाला लागत नाही. पहिला कंडिशनरचा हात दिलाय.

पळायच्या बुटात उघडलंय ते खालचं रबर आणि मधला फोम यांच्यात. सुई रबरात वितळली नाही, फोममध्ये लगेच शिरली. नखाची खूण उमटते, चुरा नाही. म्हणजे रबर आणि ईव्हीए. पुढच्या टोकाला रबर वर वळून जाळीवर येतं, तिथे जाळीशीही सुटलंय. चिकटवल्यावर तिथे टाके घालावे का? आणि टाचेचं कुणी सांगेल का?

आरीदोरा:

मग पॉलियुरेथेन गोंद, ईव्हीएच्या बाजूला प्रायमर, आणि घासायचं फोमवाल्यांनी सांगितलं तेवढंच. रबराच्या बाजूला माझा ६०–८० नंबर कायम. जाळी गोंद पिते, तिथे दोन थर. जाळीतून गोंद बाहेर पाझरू नये म्हणून आतून चिकटपट्टी लावून ठेवा.

टाके फक्त त्या वर वळलेल्या ओठाला, फोममधून नाही. ईव्हीएमध्ये ताणलेला दोरा फोम कापत जातो. ओठावर आधी सुईइतकी बारीक आरी घेऊन कडेपासून ३ मिमी आत, ४ मिमी अंतराने भोकं पाडा. त्याहून जवळ पाडलीत तर रबर त्या ओळीवर फाटतं. दोरा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला, ०.८ मिमी जाड. सुती नको, ओलाव्याने कुजतो. लांबी शिवणीच्या चौपट घ्या आणि दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई ओवा. एक सुई बाहेरून आत, दुसरी त्याच भोकातून आतून बाहेर, मग दोन्ही टोकं सारखी ओढा. प्रत्येक भोकात दोन्ही दोरे जातात, त्यामुळे पुढे एखादा टाका तुटला तरी बाकीची ओळ उसवत नाही. बुटाच्या पुढच्या टोकात हात पुरत नाही, तिथे आतली सुई लहान पकडीने धरून ओढा. शेवटी दोन टाके मागे घेऊन आतल्या बाजूला गाठ, टोकं ज्योतीने किंचित वितळवून दाबा. गाठ बोटांना लागू नये म्हणून ती पायाच्या कडेकडे ठेवा, अंगठ्याच्या वर नाही.

गोंद पूर्ण पिकल्यावर, म्हणजे ४८ तासांनंतर, टाके घाला. आधी घातले तर ओढताना जोड सरकतो.

टाचपट्टी:

टाचेचं मी सांगतो. सगळ्यात खालची रबरी पट्टी झिजण्यासाठीच असते, ती बदलता येते. तिच्यावरची चामड्याची किंवा पुठ्ठ्याची रचलेली टाच झिजायला लागली की काम वाढतं. म्हणून पट्टी कुठेही २ मिमी उरली की बदलायची, आणि दोन्ही बुटांची एकदमच, नाहीतर उंचीत फरक पडतो.

चपटा पेचकस पट्टी आणि टाच यांच्या फटीत सारून उचला, पकडीने ओढून काढा. आतले खिळे वाकवू नका, सरळ उपसा. वरची टाचही तिरकी झिजली असेल तर फक्त त्या कडेला चामड्याची पाचर चिकटवून सपाट करा. सपाटी पक्की झाल्याशिवाय नवी पट्टी बसवू नका, ती कडेने उघडतेच. ६ मिमी जाडीची रबर शीट घ्या. बूट तिच्यावर ठेवून पेन्सिलने आकार काढा आणि सगळीकडून २ मिमी जास्त ठेवून कापा. कापताना पातं पाण्यात बुडवत राहा, ओलं पातं रबरात अडकत नाही. गोंदाची पद्धत वरचीच, निओप्रीन चालेल. हातोडीने ठोकल्यावर पाच बारीक चुका (लहान खिळे) मारा, कडेपासून ८ मिमी आत. चुकेची लांबी पट्टी आणि टाचेचा निम्मा भाग यापेक्षा जास्त नको, नाहीतर टोक तळव्यात येतं. मारल्यावर बुटात हात घालून टाचेची जागा चाचपून बघा. चुकांची डोकी रबरात १ मिमी खोल दाबा, नाहीतर फरशीवर घसरतात आणि ओरखडतात. शेवटी जास्तीचं रबर चाकूने छाटून ८० आणि मग १२० नंबरने कड एकसंध करा, काळी शाई किंवा एज ड्रेसिंग लावा.

बाहेरची कड आधी झिजणं साधं आहे, बहुतेकांचं पाऊल तिथेच आधी टेकतं. झिजलेल्या कोपऱ्यावर सोल बिल्डर पेस्ट (झीज भरून काढायची, सुकून घट्ट होणारी पेस्ट) भरूनही चालतं, पण ती झीज ३–४ मिमीपर्यंतच असेल तर. कडेने चिकटपट्टीचा बांध घाला, एका वेळी २–३ मिमीचाच थर भरा आणि प्रत्येक थराला २४ तास द्या. जाड भरलीत तर वरून सुकते, आत ओली राहते आणि द्रावक उडताना आकसून खळगा पडतो.

कातडीकाम:

तुम्ही टाचेचं काम काढलंच आहे तर त्याच जोडाच्या आतलं अस्तरही बघून घ्या, टाचेच्या मागे. चामड्याच्या नाडीच्या बुटात पहिलं भोक तिथेच पडतं, कारण नाडी न सोडता पाय कोंबतात. बारीक असेल तेव्हाच ०.८ मिमी जाडीच्या मऊ चामड्याचा तुकडा, सगळीकडून १ सेंमी मोठा, कडा रापीने (चामडं तासायच्या चाकूने) तासून शून्यावर आणून चिकटवा. कडा तासल्या नाहीत तर त्या टाचेला घासून फोड येतात. शूहॉर्न वापरला की हे भोक सहसा पडत नाही.

डाव्या बुटावरची ती उरलेली रेघ नखाला लागत नसेल तर फिलर नको. दुसऱ्या कंडिशनरनंतर काळ्या क्रीमचा एक हात त्या सुरकुतीत बोटाने चोळा, १० मिनिटांनी ब्रश करा. आणि टाचेचं ठोकाठोकीचं काम आधी उरका, क्रीम नंतर. नाहीतर गोंदाचे हात पॉलिशला लागतील आणि पॉलिशचं मेण गोंदाच्या जागेवर जाईल.